एकतीस वस्तूंचं व्रत

जळगाव, १४ जुलै २०२५

आदरणीय काका,

जय जिनेंद्र. जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शनिवारी, १२ जुलैला, सकाळी साडेअकराला मी धुळ्याच्या घरी आले.
२. वरच्या खोलीत मम्मीचं शिलाई मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे गंजाचे चार डाग होते.
३. मननला विचारलं. तो म्हणाला, पप्पांना विचार.
४. तुम्ही प्रवचनाला स्थानकात गेला होतात.
५. काकींनी जेवायला वाढलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा पोळी वाढली.
६. दोन वाजता तुम्ही आलात. मी विचारलं. तुम्ही हसून म्हणालात, "सुटलो एकदाचा," आणि आसन घालून, डोळे मिटून सामायिकाला बसलात.
७. सव्वातीनपर्यंत वाट पाहून मी बसस्टँडवर गेले.

एवढंच. तुम्ही चातुर्मासात मोबाईल सोडला आहे, आणि मननच्या फोनवर पाठवलेलं आधी मनन वाचतो, मग त्याची बायको वाचते. म्हणून टपालाने लिहिते आहे.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. मशीन कोणाला दिलं, कोणत्या तारखेला दिलं, आणि त्या माणसाचा पत्ता. ओळख पटावी म्हणून: काळं पायमशीन, क्रमांकाचे शेवटचे आकडे ७३१६, लाकडी फळीच्या डाव्या कोपऱ्यात बारीक भोकं. ती भोकं कंपासची आहेत. मशीन आत वळवून झाकण लावलं की तेच माझं अभ्यासाचं टेबल असायचं. मम्मी ब्लाउज शिवत असली की मी जिन्यात बसून वाचायचे, तिचं झालं की टेबल माझं.

मी पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे नळीचा वीतभर तुकडा आला तरी त्यावर चिठ्ठी लागते, कोणाचा, कधी आला. तो फोडून बघितला, निकाल लागला, तरी ज्याचा आहे त्याच्या सहीशिवाय तो भंगारात जात नाही. वीतभर प्लास्टिकसाठी हा नियम आहे.

विधी


धुळे, २१ जुलै २०२५

चि. विधी बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. सात कलमं वाचून मला वाटलं, पोलीस ठाण्यातून आलं की काय. तुझ्या काकीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, पोळ्यांचं खरं आहे.

तू सव्वातीनला निघून गेलीस, मी साडेतीनला उठलो. पंधरा मिनिटं थांबली असतीस तर सगळं सांगितलं असतं. तुमच्या पिढीला धीर नाही.

ऐक. यंदा महाराज साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, सुभाषचंद, तुमच्या घरात वस्तू किती? आता मी भांड्यांचा दुकानदार. दुकानात वाट्या किती, झारे किती, मला झोपेतून उठवून विचार. पण घरातलं सांगता येईना. लोक हसले. मला लाज वाटली. एकसष्ट वर्षांचा झालो आणि स्वतः किती सामानाखाली दबलो आहे ते ठाऊक नाही. त्याच दिवशी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं. माझी म्हणून फक्त एकतीस वस्तू ठेवायच्या, जन्मभर. कागदावर लिहून स्थानकात दिल्या. चार जोड कपडे, एक ताट, एक लोटी, आसन, चष्मा, असं. बाकी सगळ्यावरचा हक्क सोडला. काय हलकं वाटतं ते तुला कसं सांगू.

मशीन गरजू बाईला दिलं आहे. नाव सांगणार नाही. नाव घेऊन केलेलं दान म्हणजे दवंडी.

आता तुझं. गेल्या दिवाळीत तूच मननशी वाद घातला होतास. आत्मा दाखव, वजन कर, मग मानते. माणूस मेला की राख, आणि राखेचं रसायन मला ठाऊक आहे, असं तू या घरात बसून, फरसाण खात बोललीस. मी ऐकत होतो. तर बेटा, माणसात काही नाही असं म्हणणारी तू, लोखंडात आई कुठून आणतेस? तुझ्याच शास्त्राप्रमाणे ते ओतीव लोखंड आणि सागाची फळी. बाजारात तसली शंभर मिळतील. याला भौतिकवाद म्हणतात. आत्म्यावर विश्वास नाही, आणि वस्तूत जीव अडकलेला. वर ऐकतो की जळगावला फ्लॅट बघते आहेस. लग्नाआधी मुलीला फ्लॅट कशाला?

आपल्या शास्त्रात तर कर्मसुद्धा पुद्गल आहे. बारीक रज. आसक्ती धरली की आत्म्याला चिकटतं. तुझ्या आईला ती चिकटू नये म्हणूनही मी ते मशीन घरातून काढलं असं समज.

पावसाळा आहे, तळलेलं खाऊ नकोस.

तुझा काका,
सुभाषचंद


जळगाव, २५ जुलै २०२५

आदरणीय काका,

फ्लॅट बघत नाही. भाड्याची खोली बघते आहे, कारण सध्याच्या खोलीत मशीन ठेवायला जागा नाही. मी शनिवारी आले होते ते त्याचीच लांबी-रुंदी मोजायला. टेप पर्समध्ये होता. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

तुम्ही मला भौतिकवादी म्हणालात. एकाच परिच्छेदात दोन वेगळ्या आरोपांसाठी एकच शब्द वापरलात. आत्मा न मानणं हे एक. सामानाचा लोभ असणं हे दुसरं. पहिलं मला लागू आहे, मी ते नाकारत नाही. दुसऱ्याचं तपासून बघितलं. परवा रात्री माझ्या खोलीतल्या वस्तू मोजल्या. कपडे आणि चमचे धरून एकशे चार. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणत्याही बाईच्या एवढ्या होतात. त्यातली एकही मला सोडवत नाही असं नाही. जी सोडवत नाही ती त्या एकशे चारमध्ये नाहीच.

लोखंडात आई आहे असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही माझ्या तोंडी घालताय. आई नाही. तीन वर्षांपूर्वी गेली ती पूर्ण गेली. तुमच्या मते ती कुठेतरी आहे, दुसरा जन्म घेतला असेल, चांगल्या घरी असेल. तुम्हाला ती सोय आहे. मला नाही. माझ्याकडे ती बावीस वर्षं ज्यावर पाय मारत होती ती एक वस्तू होती. ज्याला दुसरं जग नाही त्याला ह्याच जगातल्या वस्तू नीट ठेवाव्या लागतात. शंभर मिळतील म्हणता. त्या शंभरांच्या फळीवर माझ्या कंपासची भोकं नसतील. जडवाद मानणारा माणूस दोन लोखंडी वस्तू एकच समजत नाही. त्यांची जागा वेगळी असते, झीज वेगळी असते. माझी नोकरीच ती झीज मोजण्याची आहे.

कर्माच्या रजाबद्दल. मम्मीला आसक्ती चिकटू नये म्हणून तुम्ही मशीन काढलंत, हे मी तीनदा वाचलं. ती हयात असताना तुम्ही सगळे म्हणायचात, दुकानदाराच्या घरातली बाई लोकांचे ब्लाउज शिवते, बरं दिसत नाही. म्हणून ती खिडकी लावून शिवायची. मे महिन्यातसुद्धा. तेव्हा तिच्या आत्म्याची काळजी कोणी केल्याचं मला आठवत नाही.

आता मुद्दा. वस्तू सोडायची तर ती आधी आपली असावी लागते. मशीन मम्मीला तिच्या माहेरून आलेलं. ते कधीच तुमचं नव्हतं. तुम्ही ज्या क्षणी ते 'सोडलंत' त्याच क्षणी, पहिल्यांदा, ते तुमचं धरलंत.

व्रतं मीही पाठशाळेत शिकले आहे. पाचवं अपरिग्रह. तिसरं अचौर्य, न दिलेलं घ्यायचं नाही. पाचवं घेताना तिसरं मोडलं आहे. महाराज साहेबांना विचारून बघा.

पत्ता हवा आहे.

विधी


धुळे, २ ऑगस्ट २०२५

प्रिय विधी,

तुझ्या काकीचा आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, पंधरा वर्षांत किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नाही, तरी लिहिते. हे पत्र आलं असं इकडे कोणाला कळू देऊ नकोस.

तुझं दुसरं पत्र त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले. मग घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस त्यांनी दूध घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, कुसुम, शिकवून चूक केली. मी म्हटलं, शिकवलं तिच्या आईने, तुम्ही नुसतं खिडकी लाव म्हणत होता.

व्रताचं तुला खरं सांगते. एकतीस वस्तू त्यांच्या, बरोबर. मग बाकीच्या? घरातून एक चमचासुद्धा बाहेर गेला नाही. सगळं नावावर करून दिलं. एसी आणि मोठा टीव्ही मननच्या नावावर. झोपाळा डिंपलच्या नावावर, आणि रोज सकाळी चहा घेऊन बसतात तिथेच. डिंपल म्हणते, पप्पाजी, माझ्या झोपाळ्यावर बसायला विचारत जा. एकदा हसले, आता हसत नाहीत. माझ्या नावावर तीन कपाटं, दोन कूलर आणि गच्चीवरची टाकी आली. मी आयुष्यात कधी इतकी श्रीमंत नव्हते. काल नळाचं पाणी गेलं तर ओरडले, टाकी का भरली नाही. मी म्हटलं, माझी टाकी आहे, माझी मर्जी.

तर मशीनपाशी आल्यावर ते थांबले. मनन म्हणाला, मला नको. डिंपल म्हणाली, धूळ बसते. मी तुझं नाव घेतलं, विधी. देवाशपथ घेतलं. म्हटलं, तिच्या आईचं, चंदनबालाचं आहे, विधीचं लिहा. ते म्हणाले, विधीचं नाव घरच्या यादीत कशाला, उद्या ती परक्या घरी जाईल. आणि पेन पुढच्या वस्तूवर नेलं.

मी तेव्हा आणखी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तू विचारलंस तेव्हा पोळी वाढली.

दुकानातला कौतिक टेम्पोत घेऊन गेला, सहा जुलैला. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला पाडा आहे, तिथल्या जमना नावाच्या बाईला. नवरा पुना, ऊसतोडीला जातो. कौतिककडून गावाचं नाव काढून मागच्या बाजूला लिहिलं आहे. शिरपूरहून जीप मिळते.

जाशील तर छत्री ने. आणि तिथे भांडू नकोस, तिचा काही दोष नाही.

तुझी काकी,
कुसुमलता


धुळे, २८ ऑगस्ट २०२५

जय जिनेंद्र.

गेल्या वर्षभरात मन, वचन, कायेने, जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं गेलं असल्यास संवत्सरीच्या पावन पर्वानिमित्त आम्ही सहपरिवार आपली क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

सुभाषचंद, कुसुमलता, मनन, डिंपल

(खाली पेनाने:) विधी बेटा, महिनाभर पत्र नाही, म्हणजे तुला पटलं असावं. आनंद झाला. आठ दिवसांचे उपवास नीट पार पडले. दिवाळीला ये. काका.


जळगाव, ३ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,

कार्ड मिळालं. छान छापलं आहे. असंच कार्ड ऑफिसात आमच्या साहेबांनाही आलं आहे, तुमच्याकडून त्यांनी एकदा ताटं घेतली होती म्हणून.

मला पटलेलं नाही. मी गप्प होते कारण जमनाकडे जाऊन आले आणि त्यानंतर काय लिहायचं ते ठरत नव्हतं. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नका, दानाचं नाव घेऊ नये असं तुमचंच म्हणणं आहे.

दहा ऑगस्टला, रविवारी गेले. पहाटेची बस, धुळे, मग शिरपूर, तिथून जीप. जीपमध्ये माझ्यासह अठरा माणसं आणि एक शेळी. शेवटचं दीड किलोमीटर चिखलातून चालत. मी सोबत टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन गेले होते. मशीन त्याच दिवशी परत आणायचं हे ठरलेलं होतं.

जमना माझ्याच वयाची आहे. घराच्या ओट्यावर पत्र्याखाली मशीन ठेवलं आहे, उजेड तिथे चांगला आहे. पट्टा तुटला होता तर तिने सायकलच्या ट्यूबचा कापून घातला आहे. मी बघितलं, ताण बरोबर आहे. ती शाळेचे गणवेश शिवत होती, निळे, सतरा झाले होते, पंधरा ऑगस्टच्या आत आणखी अकरा द्यायचे होते. पाड्यावरचं हे पहिलं मशीन. आधी शिवण्यासाठी बायांना शिरपूरला जावं लागायचं.

क्रमांक बघितला. ७३१६. भोकंही बघितली.

मी कोण ते सांगितलं. ती शिवायची थांबली. मग म्हणाली, "हाई तुमनी मायनं शे? मंग लई जा, ताई. माले कोनी सांगं नही."

मी विचारलं, देताना काय सांगितलं होतं. ती म्हणाली, टेम्पोवाला माणूस बोलला, शेठनी सांगितलं आहे, "हाई कोनंच नही शे, घे."

कोणाचंच नाही. काका, हे तुमचे शब्द आहेत का, की कौतिकने वाटेत बनवले, हे मला माहीत नाही. पण इतकं नेमकं कौतिक बनवेल असं वाटत नाही.

मग ती आत गेली आणि एक फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. मशीनच्या खणातलं सामान. मम्मीचा टेप, नऊ बॉबिन, अर्धा खडू आणि वर्तमानपत्राच्या कागदावर बेतलेलं एक कटिंग, माझ्या आठवीच्या गणवेशाचं, त्यावर मम्मीच्या अक्षरात 'विधी, खांदा अर्धा इंच जास्त'. जमनाने यातलं काहीही वापरलं नव्हतं. म्हणाली, कोणाचंच नाही म्हणाले, पण खणात माणसाचं सामान होतं, म्हणजे कोणीतरी येईल. वाट बघत बांधून ठेवलं होतं.

हे तिला कळलं. व्रत न घेता.

मी तिथे दोन तास बसले. टेम्पोवाल्याला फोन केला नाही. अकरा गणवेश बाकी असलेल्या बाईच्या पायाखालून मशीन काढून घेणं मला जमलं नाही, आणि याचा मला राग आहे, तिच्यावर नाही, तुमच्यावर. तुम्ही अशी मांडणी केलीत की दाता तुम्ही झालात, आणि मी माझी वस्तू मागितली तर हिसकावणारी मी होणार. पुण्य तुमच्या खात्यावर, आणि ते मोडायचं पाप माझ्या. पुरचुंडी तिने दिली, ती मी आणली. मशीन तिथेच आहे.

निघताना ती पुन्हा म्हणाली, ऊसतोडीच्या आधी सांगा, नवऱ्याला सांगून शिरपूरपर्यंत पोचवून देते. म्हणजे तीन आठवडे ती ज्या मशीनवर शिवते आहे ते आपलं नाही, कधीही जाईल, असं समजून शिवते आहे. तिचंही नाही, माझंही नाही, तुमचंही नाही. तुमच्या व्रतामुळे ते खरोखरच कोणाचं नाही असं झालं आहे.

म्हणून आता माझं मागणं बदललं आहे. मशीन परत नको.

माझं नाव तुमच्या कोणत्याच यादीत नसणार, कारण मुलगी परक्या घरी जाते. मी त्या घरात एकोणीस वर्षं राहिले. मला दुसऱ्या कोणत्याच वस्तूवर नाव नको. झोपाळा नको, टाकी नको. या एकावर हवं, आणि तेही एका दिवसापुरतं. स्थानकातल्या कागदावर दुरुस्ती करून घ्या: शिलाई मशीन चंदनबालाचं, तिच्यामागे विधीचं, सुभाषचंदने न विचारता दिलं. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने. एक प्रत मला. मग माझ्याबरोबर पाड्यावर या आणि जमनासमोर हेच तोंडाने सांगा. त्यानंतर मी ते तिला देईन. मी. नाव घेऊन. दवंडी झाली तरी चालेल, कारण मग तिला कोणी परत न्यायला येणार नाही हे तिला कळेल.

तुम्ही म्हणाल, याने फरक काय पडला. मीच आधी लिहिते. मशीन ओट्यावरून इंचभर हलणार नाही. वजन तेच, क्रमांक तोच, ट्यूबचा पट्टा तोच. माझ्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणावर आधीचं मशीन आणि नंतरचं मशीन यांत फरक दिसणार नाही. तरी मला तो हवा आहे. दिवाळीत मननशी जे बोलले त्यात हे कुठे बसतं, ते मला अजून लावता आलेलं नाही. तुम्हाला यावरून जिंकल्यासारखं वाटणार असेल तर वाटू द्या, पण सही करा.

कार्ड परत पाठवते आहे. त्यातलं 'अजाणता' मी खोडलं आहे. 'सहपरिवार'ही खोडलं आहे, काकींनी आणि डिंपलने काही केलेलं नाही. जे उरलं ते तुमच्या हाताने लिहून पाठवलंत तर मी ठेवून घेईन. पुरचुंडी एकशे पाचवी धरली आहे, ती माझी एकशे सहावी वस्तू होईल.

पाड्यावर रविवारी, २१ सप्टेंबरला जायचं आहे. शिरपूरची बस धुळ्याहून सकाळी सातला. तुम्हाला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, साडेचारपर्यंत परत धुळ्यात पोचू असं मी बघितलं आहे.

येणार की नाही ते सोमवार, १५ सप्टेंबरपर्यंत पत्राने कळवावं.

विधी